चार सिटिंगचा खून

दवाखान्यात येणारा नवा माणूस पहिल्यांदा बिचकायचा तो मावशींच्या नावाने. आतून बाहेर पडलेला एखादा जुना पेशंट काउंटरवर कोपर टेकून खुशाल म्हणायचा, "हप्तामावशी, माझा या वेळचा हप्ता द्या." मग मावशी मागचं कपाट उघडून एक जाडसर पाकीट त्याच्या हातात ठेवायच्या. गाल सुजवून बसलेला नवा माणूस हे बघून हळूच आपला खिसा चाचपायचा. दातांच्या दवाखान्यात असलं काही चालत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की त्या पाकिटात खून असतो.

खून पुस्तकातला, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मावशींबद्दल भलताच समज व्हायचा. मावशी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधणाऱ्या. पायाखाली मुंगी आली तर पाय वरच्या वर धरतील. पण पुस्तकाच्या सुरुवातीला कोणी मेलं नाही तर त्यांचा जीव कासावीस होतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकाआड त्यांनी रहस्यकथा वाचल्या. लग्न ठरताना मुलाला वाचायची आवड आहे का, एवढंच विचारलं. मुलगा हो म्हणाला. लग्नानंतर कळलं की यजमान वाचतात, पण शेवटचं पान आधी. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यावरून जी भांडणं सुरू झाली ती अजून चालू आहेत आणि संसार एकंदरीत झकास झाला.

आता पुस्तकांचे हप्ते कसे झाले ते सांगायचं तर रूट कॅनलपासून सुरुवात करायला हवी. रूट कॅनलची एक खोड आहे. पहिल्या सिटिंगला नस निघते आणि ठणका थांबतो. ठणका थांबला की माणूसही थांबतो, म्हणजे यायचा थांबतो. आदल्या दिवशी "डॉक्टर, वाचवा" म्हणून पाय धरणारा दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. मग कधीतरी उगवतो तो अर्धी तुटलेली दाढ घेऊन, आणि वर विचारतो की तुमच्याकडे करूनसुद्धा असं कसं झालं. दवाखान्याचे मोठे डॉक्टर अशा वेळी फार हळहळायचे. माणूस गप्पिष्ट, हात हलका, आणि दाढ गेली की घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा करायचे.

अशात एक रंगारी आला. भिंती रंगवणारा, सहा फूट उंच, सुई बघून पांढराफटक पडणारा. त्याचा नंबर येईपर्यंत मावशींनी त्याला आपल्या पिशवीतली कादंबरी वाचायला दिली, नुसती मन रमावं म्हणून. पहिलं सिटिंग झालं, ठणका थांबला, रंगारी गेला आणि जायचा तसा गायबही झाला. पण काही दिवसांनी दारात येऊन उभा. आत यायला तयार नाही. उंबऱ्यावरूनच त्याने विचारलं, की तो वकील मेला का हो शेवटी? मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या म्हणाल्या, आत जाऊन खुर्चीत बसा, मग सांगते. रंगाऱ्याची दाढ कॅपपर्यंत पुरी झाली.

तेव्हापासून मावशी रद्दीवाल्याकडून जुन्या रहस्यकथा आणू लागल्या. ब्लेडने त्यांचे चार भाग करायचे, प्रत्येक भाग दात साफ करायच्या दोऱ्याने शिवायचा आणि जबड्याच्या एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात घालायचा. एका सिटिंगला एक भाग, घरी न्यायचा. तो परत आणून खुर्चीत बसलात की दुसरा. चौथा भाग शेवटच्या सिटिंगला. कुठे कापायचं यात सगळी कला होती. प्रकरण संपलं तिथे मावशी कधीच कापत नसत. दाराची कडी वाजली, आतल्या माणसाने दिवा मालवला आणि म्हणाला, "अरे, तू?" की तिथे ब्लेड. लोक शिव्या द्यायचे आणि वेळेवर यायचे. मोठे डॉक्टर खूश झाले. त्यांनी मावशींना भिंतीलगतचं एक अख्खं कपाट दिलं आणि नियम एकच केला, की पुस्तक फक्त पेशंटला, आणि तेही सिटिंगलाच. नाहीतर सगळी गल्ली दात धडधाकट असताना येऊन बसली असती.

कुणाला काय द्यायचं हे मावशी माणूस दारातून खुर्चीपर्यंत येईस्तोवर ठरवायच्या. सुईला घाबरणाऱ्याला विषाचं पुस्तक द्यायचं नाही. त्याला उंचावरून ढकललेला माणूस द्यायचा. दाताशी त्याचा काही संबंध नाही. उंचावरच्या कामाचा असेल, तर मात्र विषच बरं. ज्याने आजवर एकही रहस्यकथा वाचलेली नाही त्याची तर त्या फारच काळजी घ्यायच्या. त्याला माणसं पाच-सहाच द्यायची. ज्याच्या तोंडात कापसाचे बोळे आहेत त्याला कुणाचं गणगोत पाठ करायला लावणं बरं नव्हे. प्रेत लवकर सापडायला हवं. खुनी पहिल्या हप्त्यापासून डोळ्यांसमोर वावरलेला हवा. शेवटच्या पानावर परदेशातून जुळा भाऊ उगवणारं पुस्तक मावशींना वर्ज्य. असं एक पुस्तक त्यांनी रागाने खिडकीतून खाली फेकलं होतं, आणि मग रस्त्यावर कोणी वाचून फसेल म्हणून स्वतःच खाली जाऊन उचलून आणलं. आणि शेवट कसा हवा? तर वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा आणि मग हसावं. नुसता हात मारला तर लेखकाने फसवलं, नुसताच हसला तर त्याला आधीच कळलेलं होतं. दोन्ही व्हायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं, नवख्याला आपलं लाडकं पुस्तक कधी द्यायचं नाही. आपलं लाडकं होईपर्यंत आपण शंभर वाचलेली असतात. त्याला ते कसं झेपणार? मावशी हे सगळ्यांना सांगायच्या. एकदाच त्यांनी स्वतः ते पाळलं नाही, आणि नेमकं जिथे पाळायला हवं होतं तिथे.

झालं असं, की मोठ्या डॉक्टरांची पाठ धरू लागली. दिवसभर वाकून उभं राहणं होईना. बाहेर शिकायला गेलेली त्यांची मुलगी दातांची डॉक्टर होऊन परत आली आणि दवाखाना तिने हातात घेतला. सगळे तिला डॉक्टरताई म्हणू लागले. ताई हुशार, कामाला चोख, आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतक्या कडक की दाराच्या मुठीनेही सावरून उभं राहावं. आल्या आल्या त्यांनी खुर्ची बदलली, दिवे बदलले, पडदे बदलले. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. त्यांनी एक पाकीट उघडलं, आतली पिवळी पानं दोन बोटांत धरली आणि विचारलं की हा दवाखाना आहे की रद्दीचं दुकान. कपाट निघेल, त्या भिंतीवर टीव्ही लागेल, त्यावर दात घासायची बरोबर पद्धत दिवसभर दिसत राहील, असं ठरलं. टीव्ही बसवणाऱ्याला महिनाअखेरचा दिवस दिला गेला.

मावशींचा चेहरा पडला. नोकरी जाणार नव्हती. फोन घ्यायला, नंबर लावायला त्या हव्याच होत्या. पण फोन काय, कोणीही घेतं. त्या कपाटामुळे मावशी मावशी होत्या. घरी येऊन त्यांनी यजमानांना सांगितलं, की कपाट गेलं तर मी नुसती काउंटरवरची बाई उरेन. यजमानांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

मावशी भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी ठरवलं, ताईंनाच एक पुस्तक द्यायचं. ताईंनी जन्मात एकही रहस्यकथा वाचली नव्हती. एकदा वाचली की कपाटाला हात लावायचं नाव काढणार नाहीत. इथपर्यंत बेत उत्तम होता. पण कपाट वाचवायच्या घाईत मावशी हळव्या झाल्या आणि त्यांनी काढलं काय, तर आपलं सगळ्यात लाडकं. मृत्युपत्र वाचायला जमलेले चौदा नातेवाईक, त्यांत तीन विधवा, दोन सावत्र भाऊ, आणि घराण्याची वंशावळ सुरुवातीलाच पानभर. ताईंनी दुपारच्या मोकळ्या वेळात ते उघडलं आणि चहा यायच्या आत परत आणून दिलं. म्हणाल्या, "मावशी, यातलं कोण कुणाचं कोण, हे कळायलाच मला वर्ष लागेल. मेला तो सुटला." मावशींनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. हसू मात्र आलं नाही.

त्यानंतर ताई विचित्र वागू लागल्या. चहा समोर आला की गार होईपर्यंत नुसत्या बघत बसायच्या. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मधूनच आतल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. फोनवर दबक्या आवाजात "आत्ता नको, पुढच्या महिन्यात बघू" असं कुणालातरी सांगायच्या. औषधांच्या खणातून गोळ्यांची एक पट्टी नाहीशी झाली. आता रहस्यकथा वाचून वाचून पिकलेल्या माणसासमोर हे सगळं आलं तर तो स्वस्थ बसेल? मावशींचे डोळे लुकलुकू लागले. कपाटाचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं.

घरी रोज संध्याकाळी खलबतं होऊ लागली. मावशींचं म्हणणं, ताई दवाखाना विकणार आहेत आणि वडिलांपासून लपवताहेत. टीव्ही हा नुसता देखावा. यजमानांचं म्हणणं, मुलगी प्रेमात पडली आहे, जेवण सुटतं ते त्यामुळेच. मावशींनी विचारलं, मग गोळ्या? यजमान म्हणाले, मलाही तेव्हा डोकं दुखायचं. मावशींनी एक दिवस फोनच्या बहाण्याने आतल्या खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. आत ताई आरशापुढे उभ्या होत्या आणि "आ" करत होत्या. मावशींनी निष्कर्ष काढला की त्या परदेशी जाण्यासाठी एखादी भाषा शिकताहेत.

या सगळ्यावर पाणी पाडलं एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंनी. त्या कवळी बसवायला आल्या होत्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी काचेतून ताईंकडे बघितलं आणि मावशींना विचारलं, "तुमच्या डॉक्टरांना कोण बघतं हो? बाईंची दाढ दुखतेय. डावी, खालची. गाल कसा धरलाय बघा."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. दातांचा दवाखाना. दुखणाऱ्या दाढा बघण्यात हयात गेलेली बाई काउंटरवर. आणि दवाखाना विकण्यापासून परभाषेपर्यंत सगळं सुचलं, एक दाढ तेवढी सुचली नाही, कारण ज्याची दाढ दुखते तो बाकावर बसतो, आत उभा राहत नाही, असं डोक्यात पक्कं बसलेलं. घरी जाऊन त्यांनी यजमानांना हे सांगितलं तेव्हा दोघं इतके हसले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी पेशंट संपल्यावर मावशी सरळ आत गेल्या. "डॉक्टरताई, दाढ कधीपासून दुखतेय?"

ताईंनी गालावरचा हात काढून कानावर ठेवला. कुठली दाढ, कसली दाढ. मग मावशी हलत नाहीत असं बघून त्या फिरत्या स्टुलावर बसल्या आणि एकदम लहान मुलीसारख्या दिसू लागल्या.

"कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "रूट कॅनल लागणार आहे. मैत्रीण करून देते म्हणतेय, मीच टाळतेय."

"आणि मोठे डॉक्टर?"

"बाबा? लहानपणी 'नुसतं बघतो' म्हणाले आणि दात काढून माझ्या हातात दिला. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी जांभईसुद्धा देत नाही." ताईंचा आवाज बारीक झाला. "लोकांना पुढे काय होणार ते माहीत नसतं, म्हणून भीती वाटते. मला सगळं माहीत आहे, मावशी. कुठली सुई, किती आत जाते, सगळं."

मावशींना हसू येईल असं वाटलं होतं, पण आतून तुटलं. ही एवढी धीट पोर लोकांना दिवसभर "काही होत नाही" म्हणते आणि स्वतः आरशापुढे तोंड उघडून एकटीच घाबरते.

"मग जिथलं पुढचं तुम्हाला माहीत नाही असं काहीतरी हातात घेऊन बसा," मावशी म्हणाल्या, आणि कपाटाकडे गेल्या.

या वेळी त्यांनी लाडक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बारीकसं पुस्तक काढलं. आतून कडी लावलेल्या दुकानात एक शिंपी मरून पडला आहे. त्या दिवशी माप द्यायला पाचच माणसं आली होती. आणि शिवणयंत्र मात्र अजून चालू आहे. बस्स. ताईंनी पहिलं पान उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाल्या की बसते मी, पण कपाटाचं ठरलंय ते ठरलंय. मावशी म्हणाल्या, बरं.

मोठे डॉक्टर पाठीला पट्टा बांधून हजर झाले. इतक्या वर्षांनी लेक तोंड उघडणार म्हणून त्यांना कोण आनंद. ताईंनी त्यांना दोनदा शपथ घालून विचारलं की नुसतं बघणार नाही ना, जे करणार ते सांगूनच करणार ना. भूल चढेपर्यंत त्या वाचत होत्या. सुई कधी गेली ते त्यांनी विचारलं तेव्हा ती जाऊन ट्रेमध्ये परत आलेली होती. संध्याकाळी सुन्न गाल घेऊन त्या पहिलं पाकीट घरी घेऊन गेल्या, आणि सकाळी मावशींच्या आधी दवाखान्यात.

"दुसरा भाग?"

"पुढच्या सिटिंगला."

"मावशी, दवाखाना माझा आहे."

"नियम मोठ्या डॉक्टरांचा आहे."

ताईंनी वडिलांना फोन लावला, की दोन सिटिंग एकदम करा. मोठे डॉक्टर म्हणाले, औषध मुरू दे, घाई करशील तर दाढ जाईल, हे मी तुला शिकवायचं का? मग काय, ताईंनी काम करता करता तपास सुरू केला. तोंड उघडून पडलेल्या पेशंटला त्या विचारायच्या, की शिवणयंत्र चालू राहायला पाय लागतो, मग पाय कुणाचा? पेशंट "आ आ" म्हणायचा आणि ताई ते उत्तर धरून पुढे चालू लागायच्या. बाकावर बसणाऱ्यांत दोघा-तिघांनी ते पुस्तक वाचलेलं होतं. त्यांच्याकडे ताई अशा आशेने बघायच्या की मावशींना मध्ये पडून जाहीर करावं लागलं, जो फोडेल त्याला पुढच्या वेळी भूल मिळणार नाही. दुसरं पाकीट गेलं, तिसरं गेलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी पाचव्या गिऱ्हाइकाने कोट काढला, मावशींचं ब्लेड तिथेच फिरलेलं होतं. ताई दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. गंमत म्हणजे खुर्चीची भीती त्या विसरूनच गेल्या. पण कपाटाबद्दल एक शब्द नाही, आणि महिनाअखेर आली ती नेमकी चौथ्या सिटिंगच्या दिवशीच.

त्या दिवशी ताई खुर्चीत आडव्या, गळ्याला निळा रुमाल, गालात कापसाचे बोळे, हातात चौथा भाग. मोठे डॉक्टर दाढ भरून सिमेंट घट्ट व्हायची वाट बघत होते. एवढ्यात टीव्ही बसवणारा आला. त्याने खोकं भिंतीला टेकवलं आणि ड्रिल काढून चालू आहे का ते बघितलं. ती घरघर ऐकून बाकावरचे चारही पेशंट ताडकन उठले. एक तर चप्पल न घालताच जिन्यापर्यंत पोचला. मावशींनी त्याला परत आणला. टीव्हीवाला म्हणाला, कपाट हलवायला लागेल, हलवू का? मावशींनी आत बोट दाखवलं. तो दारातून डोकावला. ताईंनी पुस्तकातून डोळे न काढता हात उडवला. जा, असा. त्याने तो हलवा, असा घेतला, आणि बाहेर येऊन कपाटाला खांदा लावला. वरच्या फळीवरची पाकिटं धडाधड खाली आली. मावशी खाली बसून ती गोळा करू लागल्या. कुठलं कुणाचं ते दिसेना. डोळे भरले होते.

आतून एक आरोळी आली. शब्द एकही कळला नाही. पाठोपाठ ताई स्वतः आल्या, निळा रुमाल लोंबतोय, एका हातात पानं, मागून मोठे डॉक्टर "तोंड मिटू नको, तोंड मिटू नको" म्हणत. ताईंनी कपाटाला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले. टीव्हीवाल्याने ड्रिल खाली ठेवलं. ताईंनी बोळे थुंकले.

"कपाटाला हात लावायचा नाही. टीव्ही परत न्या," त्या म्हणाल्या. "आणि सगळे गप्प बसा. तीन पानं राहिलीत."

मग त्या तिथेच बाकावर, पेशंटांच्या मध्ये बसल्या आणि वाचू लागल्या. कोणी हललं नाही. टीव्हीवालाही खोक्यावर टेकला. मावशी पाकिटं मांडीत घेऊन जमिनीवर तशाच बसून राहिल्या आणि ताईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. एवढी माणसं वाचती केली, पण चौथा भाग घेऊन प्रत्येक जण घरी जायचा. शेवटच्या पानावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे मावशींनी आज पहिल्यांदाच बघितलं. आधी कपाळाला आठी. मग डोळे मोठे. मग त्या मागची पानं उलटू लागल्या, सुरुवातीची एक ओळ शोधू लागल्या, ती या भागात कशी सापडणार? मग भूल चढलेलं तोंड एका बाजूने वाकडं होऊन ताई हसू लागल्या, इतक्या की बाकावरचे पेशंटही कशाला ते माहीत नसताना हसू लागले. खुनी कोण ते इथे सांगता येत नाही. मावशींना कळलं तर माझीही भूल बंद होईल. मावशींना मात्र रडू आवरेना. सुखाने रडताना माणूस किती वेडं दिसतं याची त्यांना कल्पना होती, पण पाकिटांनी हात भरलेले, डोळे पुसणार कशाने?

"पुढचं पुस्तक द्या," ताई म्हणाल्या.

मावशींनी नाक ओढलं. "पुस्तक फक्त पेशंटला मिळतं. तुमची दाढ झाली."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. मग उठल्या, आत गेल्या, खुर्चीत आडव्या झाल्या आणि तोंड उघडून म्हणाल्या, "बाबा, वरची उजवी जरा बघा बरं. नुसतं बघू नका."